वाळीत टाकलेला बारुख

तेल अवीवमध्ये गॉर्डन रस्त्याच्या परिसरात एक लहानसा रस्ता आहे. नाव स्पिनोझा. माझी नात दोन वर्षे तिथे भाड्याच्या खोलीत राहिली. हा स्पिनोझा कोण, असे मी तिला एकदा विचारले, तर असेल कोणी जुना महापौर, असे उत्तर मिळाले. तिचा दोष नाही. मलाही शाळेत कोणी सांगितले नव्हते.

ज्या माणसाच्या चार हातांच्या आत कोणा यहुद्याने जाऊ नये असा हुकूम यहुद्यांनीच काढला होता, त्याच्या नावाचा रस्ता आज यहुद्यांच्या शहरात आहे, आणि तो हुकूम अजून कोणी मागे घेतलेला नाही. त्याची गोष्ट या वेळी सांगते. मुलांनो, एखादा शब्द अडला तर घरात आजीला विचारा. आणि आजी-आजोबांनो, तुम्हाला काही पटले नाही तर वर्गात येऊन माझ्याशी भांडा.

आधी एक शब्द. वाळीत टाकणे. कोकणातल्या गावात एखादे घर वाळीत टाकले की त्याला विहिरीवर पाणी नाही, दुकानात उधारी नाही, लग्नाचे आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. हाक मारली तर कोणी ओ देत नसे. हे काही फार जुने नाही. महाराष्ट्र सरकारला २०१६ साली याविरुद्ध कायदा करावा लागला. हिब्रूत या शिक्षेला खेरेम म्हणतात. इथली शाळकरी पोरे वर्गातल्या एखाद्याशी सगळ्यांनी मिळून बोलणे टाकले की त्यालाही खेरेमच म्हणतात, म्हणजे शब्द तुम्हाला ठाऊक आहे. आता तो मोठ्या माणसांनी, धर्माच्या नावाने, जन्मभरासाठी केला तर काय होते ते पाहा.

बारुख स्पिनोझाचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहरात झाला. घरात पोर्तुगीज बोलत आणि घरच्या माणसांना तो बेंतो होता. पुढे लॅटिनमध्ये बेनेदिक्तुस झाला. तिन्ही नावांचा अर्थ एकच, आशीर्वाद मिळालेला. पोर्तुगीज का, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. स्पेनच्या राजाराणीने १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर काढले. पुष्कळजण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तिथे १४९७ साली सगळ्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले. वर क्रूस आणि आत मोशेची तोरा, अशी घरे पिढ्यान् पिढ्या जगली. कि‍प्पूरचा, म्हणजे आपले जुने लोक ज्याला दारफाळणीचा सण म्हणत त्याचा उपास लपून धरायचा. शेजाऱ्याला कळले तर इन्क्विझिशनच्या लोकांपर्यंत बातमी जाई, आणि मग तुरुंग, छळ, कधी जिवंत जाळणे. पोर्तुगालमध्ये हे इन्क्विझिशन १५३६ साली आले. आपल्या कोकणच्या शेजारी गोव्यातही ते १५६० साली येऊन बसले.

बारुखचे वडील मिगेल हे पोर्तुगालमधल्या विदिगेरा गावचे. लहानपणीच कुटुंबाबरोबर पळाले, फ्रान्समधल्या नान्त शहरात राहिले आणि तिथून हॉलंडला आले. ॲमस्टरडॅममध्ये अशा पळून आलेल्यांची वस्ती झाली होती. ही माणसे शंभर वर्षांहून अधिक काळानंतर उघडपणे यहुदी होत होती. तफिला कशी करायची, मांस कोषेर कसे करायचे, शब्बाथ कसा पाळायचा, सगळे नव्याने शिकावे लागले. त्यांना शिकवायला व्हेनिसहून रब्बी आले. आपल्याही परंपरेत सांगतात ना, की दावीद राहाबी कोकणात आला आणि विसरलेले सारे त्याने पुन्हा शिकवले? तसेच काहीसे. फरक एवढाच की आपले पूर्वज नागाव-अलिबागकडे शनवार तेली म्हणून निर्धास्त राहिले, आणि ही माणसे चितेच्या वासातून पळून आली होती.

मिगेल व्यापारी होते. सुका मेवा, तेल, असा माल दक्षिणेकडून आणीत. समाजात मान होता. सिनेगॉगचा कारभार सात जणांच्या हाती असे, आणि त्या कारभाऱ्यांत मिगेलही काही काळ होते. आपल्याकडचे मुकादम आणि गबाय म्हणा. बारुख सहा वर्षांचा असताना, १६३८ साली त्याची आई हन्ना देबोरा वारली. घर लाकूडबाजाराच्या कालव्याजवळ होते, सिनेगॉग हाकेच्या अंतरावर. चित्रकार रेम्ब्रांट त्याच वस्तीत राहत असे आणि शेजारचे यहुदी म्हातारे समोर बसवून चित्रे काढी. बारुख समाजाच्या शाळेत शिकला. घरी पोर्तुगीज, वाचायला स्पॅनिश, तफिलेला हिब्रू, रस्त्यावर डच. आपल्या नातवंडांच्या तोंडी एका वाक्यात तीन भाषा येतात म्हणून आपण कपाळाला हात लावतो. त्यात नवे काही नाही.

तो सात वर्षांचा होता तेव्हा, १६४० साली, त्या वस्तीत एक भयंकर गोष्ट घडली. उरियेल दा कोस्ता नावाचा एक गृहस्थ पोर्तुगालमधली ख्रिस्ती अधिकाराची नोकरी आणि घरदार सोडून केवळ मोशेच्या धर्मासाठी हॉलंडला आला होता. आल्यावर त्याला दिसले की तोरात वाचले होते ते वेगळे आणि रब्बींचे नियम वेगळे. तो बोलला. वाळीत टाकला गेला. कित्येक वर्षे एकट्याने काढली. सहन होईना तेव्हा शरण आला. भरलेल्या सिनेगॉगमध्ये त्याचे कपडे कमरेपर्यंत उतरवून एकोणचाळीस फटके मारले. मग त्याला उंबऱ्यावर आडवे व्हायला सांगितले आणि सगळी मंडळी त्याला ओलांडून बाहेर पडली. काही दिवसांनी त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. लहान बारुख त्या दिवशी तिथे होता असे दाखवणारी जुनी चित्रे आहेत. ती चित्रकारांची कल्पना. पण एवढ्याशा वस्तीत ही गोष्ट पोरांच्या कानावर गेली नसेल असे मला वाटत नाही.

बारुख हुशार होता, पण रब्बी झाला नाही. मोठा भाऊ वारला आणि त्याला दुकानात बसावे लागले. १६५४ साली वडीलही गेले. बारुख आणि धाकटा भाऊ गाब्रिएल यांनी दोघांच्या नावाने पेढी चालवली. पेढीवर वडिलांच्या वेळचे कर्ज होते आणि इंग्रजांच्या लढाईत जहाजे बुडाल्या-पकडल्यामुळे धंदा बसला होता. या काळात तो फान डेन एंडेन नावाच्या, एके काळी जेसुइट असलेल्या मास्तरांकडे लॅटिन शिकू लागला. लॅटिन म्हणजे त्या काळचे दार. त्यातून देकार्त वाचता येई, नवे गणित, नवे ज्योतिष. आणि प्रश्न वाढत गेले. तोरा खरोखर सगळी मोशेने लिहिली का? मग मोशेच्या मृत्यूचे वर्णन तिच्यात कोणी लिहिले? देव रागावतो, पस्तावतो, म्हणजे तो माणसासारखा आहे का? शरीर गेल्यावर आत्मा राहतो हे कुठे लिहिले आहे?

हे प्रश्न त्याच्या आधी कोणाला पडले नव्हते असे नाही. इब्न एझ्रासारख्या मोठ्या भाष्यकाराने चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच मोशेच्या मृत्यूच्या पंक्तींबद्दल हळूच सुचवून ठेवले होते. फरक इतकाच की इब्न एझ्राने कोड्यात सांगितले आणि बारुख मित्रांत बसून सरळ बोलत होता.

२७ जुलै १६५६. आपल्या पंचांगाने आव महिन्याची सहा तारीख. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे तिशा बेआवला, तीन दिवस राहिले होते. देवळाच्या नाशाचे ते दिवस. सिनेगॉगमध्ये तोरांच्या कपाटासमोर उभे राहून पोर्तुगीज भाषेत खेरेमचा मजकूर वाचला गेला. बारुख तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मजकुरात म्हटले होते की त्याची वाईट मते आणि कृत्ये कारभाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होती, सुधारण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, साक्षीदार आले, आणि उपाय चालला नाही. मग शाप. दिवसा, रात्री, झोपताना, उठताना, घरात येताना, बाहेर जाताना. त्याच्याशी तोंडी किंवा लेखी संबंध ठेवायचा नाही, त्याच्यावर उपकार करायचा नाही, एका छपराखाली राहायचे नाही, चार हातांच्या आत जायचे नाही, त्याने लिहिलेले काही वाचायचे नाही. मते कोणती, कृत्ये कोणती, याचा एक शब्द नाही. आणि वाचायचे नाही म्हणावे, तर तोवर त्याने एक ओळ छापलेली नव्हती.

त्या समाजात खेरेम ही काही क्वचितची शिक्षा नव्हती. पैशाचा वाद, परवानगीशिवाय बाहेरच्या कसायाचे मांस, कारभाऱ्यांचा अपमान, अशा कारणांनीही होत असे. मेनास्से बेन इस्राएलसारख्या नामांकित रब्बींना एकदा एका दिवसाचा खेरेम झाला होता. माणूस माफी मागे, दंड भरी, आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसे. पण बारुखच्या खेरेमसारखा कडक मजकूर दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नाही. आणि बारुखने माफी मागितली नाही. गप्प राहून अधूनमधून सिनेगॉगमध्ये तोंड दाखवलेस तर वर्षाला ठरावीक रक्कम देऊ, असेही त्याला सांगून पाहिले होते, असे त्याच्या जुन्या चरित्रात आहे.

त्याने काय म्हटले होते त्याचा पुरावा एका विचित्र ठिकाणी सापडला. १६५९ साली ॲमस्टरडॅमहून स्पेनला परतलेल्या एका ख्रिस्ती साधूने माद्रिदच्या इन्क्विझिशनसमोर जबानी दिली. त्याला तिथे स्पिनोझा आणि हुआन दे प्रादो नावाचे एक वैद्य भेटले होते. आम्हाला काढून टाकले कारण मोशेचा कायदा खरा नाही असे आमचे मत झाले, आत्मा शरीराबरोबर मरतो आणि देव आहे तो फक्त तत्त्वज्ञानाच्या अर्थाने, असे दोघे म्हणाले, अशी ती जबानी. ज्या इन्क्विझिशनपासून बापाने पळ काढला, तिच्याच दप्तरात मुलाची मते नोंदली गेली.

आता कारभाऱ्यांकडे वळू, कारण त्यांना राक्षस ठरवणे सोपे आहे आणि खोटेही आहे. ही माणसे परक्या देशात पाहुणी होती. ॲमस्टरडॅमने १६१६ साली यहुद्यांसाठी घातलेल्या अटींत ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलू नये हीही अट होती. देवाविषयी आणि आत्म्याविषयी असले बोलणे यहुद्यांच्या वस्तीतून निघाले तर उद्या शहर म्हणेल, तुम्हाला जागा दिली ती यासाठी का? मेनास्से बेन इस्राएल तर त्याच वर्षी लंडनमध्ये होते, यहुद्यांना इंग्लंडमध्ये पुन्हा येऊ द्यावे म्हणून क्रॉमवेलची मनधरणी करीत. शिवाय पैशाची बाजूही होती. खेरेमच्या चार महिने आधी बारुखने डच कायद्याचा आधार घेऊन, आपण अजून पंचवीसचे नाही, म्हणून अनाथ आहोत, असे जाहीर करून घेतले आणि वडिलांच्या कर्जातून मोकळा झाला. समाजाचे वाद समाजात मिटवायचे ही रीत त्याने मोडली होती.

पण माझ्या मते खरे कारण आणखी खोल आहे. त्या सिनेगॉगमध्ये बसलेल्या कितीतरी जणांचे आईबाप, काका, मावश्या त्या तोरासाठी मेल्या होत्या. आणि आता त्यांच्याच शाळेत शिकलेला, मुकादमाचा मुलगा सांगत होता की ते पुस्तक माणसांच्या हातचे आहे. तो बरोबर आहे की चूक, हा प्रश्न त्यांना परवडणाराच नव्हता. तो बरोबर निघाला तर मेलेल्यांचे काय?

माझी एक चूक इथे सांगते. मुंबईत एका मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवत होते. एका मुलाने विचारले, बाई, शून्याने भागायचे नाही हे कोणी ठरवले? मी म्हटले, नियम आहे, बस. त्याने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर अंगठे धरून उभे केले. तास संपेपर्यंत. मुलगा उद्धट नव्हता. मला नीट उत्तर येत नव्हते आणि पन्नास पोरे माझ्याकडे बघत होती, एवढेच. घरी जाऊन पुस्तक काढले, उत्तर सापडले, सोपे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितले, पण त्याला बाहेर काढले ते चुकले, हे काही सांगितले नाही. तो मुलगा त्या वर्षात परत कधी प्रश्न विचारायला उठला नाही. म्हणून त्या सात कारभाऱ्यांविषयी लिहिताना माझा हात जरा थांबतो.

बारुखपुढे आता एकच सोपी वाट होती, ख्रिस्ती होण्याची. तशी पुष्कळांची अपेक्षा होती. तो झाला नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या काळी युरोपात माणूस कुठल्या तरी धर्माच्या वहीत असे. हा कुठल्याच वहीत न राहता एकवीस वर्षे जगला.

पेढी सुटली, भाऊ सुटला. गाब्रिएल पुढे वेस्ट इंडीजला निघून गेला. वडिलांच्या मालमत्तेवरून बहीण रिबेका त्याच्या आड आली, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि जिंकला, असे सांगतात. जिंकल्यावर सगळे तिलाच देऊन टाकले आणि स्वतःला फक्त पडद्यांचा एक पलंग ठेवला. हक्क आहे हे सिद्ध करायचे होते, माल नको होता.

पोटासाठी तो भिंगे घासू लागला. काचेचा तुकडा घ्यायचा, लोखंडी साच्यात बारीक वाळू आणि पाणी घालून तासन् तास घासायचा, मग मऊ भुकटीने चमकवायचा. वक्र एका केसाने चुकला तर काच फेकून द्यायची. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक तेव्हा नवीन होते. त्याच्या भिंगांची कीर्ती झाली. शनीचे कडे ओळखणारा मोठा शास्त्रज्ञ हायगेन्स, त्यालाही त्याची भिंगे आवडली. १६६१ च्या सुमारास तो लायडन शहराजवळच्या रेन्सबर्ख खेड्यात राहायला गेला. ते घर आज संग्रहालय आहे. १६६३ साली फोरबर्ख, आणि शेवटची वर्षे हेग शहरात फान डेर स्पेक नावाच्या चित्रकाराच्या घरी माडीवरची खोली. जेवण म्हणजे दुधाची पेज, कधी लोणी, कधी पेजेत चार बेदाणे. चिलीम ओढी. करमणूक हवी झाली तर दोन कोळी पकडून त्यांची झुंज लावी, नाही तर जाळ्यात माशी टाकून बघत बसे आणि मोठ्याने हसे. तत्त्वज्ञ असला तरी हे मला काही आवडत नाही, पण मुलांना आवडेल म्हणून लिहिले.

सिमोन दे व्रीस नावाच्या श्रीमंत मित्राने दोन हजार गिल्डर देऊ केले. नको म्हणाला. मित्राने मृत्यूनंतर वर्षाला पाचशे देण्याची सोय करून ठेवली, तर तीनशे पुरे म्हणाला. घरमालकीण साधी लुथेरन बाई. माझ्या धर्माने माझा उद्धार होईल का, असे तिने त्याला विचारले. तुमचा धर्म चांगला आहे, देवभीरूपणे शांत आयुष्य जगत असाल तर दुसरा शोधू नका, अशा अर्थाचे त्याने सांगितले. ज्याला सगळे नास्तिक म्हणत, त्याने एका बाईच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. त्याच्या अंगठीच्या मोहोरेवर गुलाब कोरला होता आणि सावध राहा अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द.

सावध राहायला कारण होते. त्याचा मित्र आद्रियान कूरबाख याने असेच विचार साध्या डच भाषेत लिहिले. त्याला पकडले आणि १६६९ साली तो कैदेतच मेला. पुढच्या वर्षी, १६७० साली, स्पिनोझाचे धर्म आणि राज्य यांवरचे पुस्तक निघाले. लॅटिनमध्ये, लेखकाचे नाव नाही, छापल्याचे ठिकाण हॅम्बुर्ग असे खोटेच. त्यात त्याने दाखवले की बायबल हेही इतर जुन्या ग्रंथांसारखे भाषा, काळ आणि लिहिणारा बघून वाचले पाहिजे, तोरा मोशेनंतर पुष्कळ काळाने, बहुधा एझ्राच्या हाताखाली, एकत्र केली गेली, आणि धर्माचे सार न्याय आणि शेजाऱ्यावर प्रेम एवढेच आहे. राज्याचे काम माणसाला विचार करू देण्याचे आहे, असेही त्याने लिहिले. आज हे कोणत्याही कॉलेजात शिकवतात.

तेव्हा मात्र हलकल्लोळ झाला. आणि या वेळी यहुद्यांचा नाही, ख्रिस्त्यांचा. पाद्र्यांनी ते सैतानाचे पुस्तक ठरवले. १६७४ साली हॉलंडच्या सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे आपलेच लोक तेवढे कोत्या मनाचे होते असे कोणी म्हणू नये. आपल्यांनी त्याला अठरा वर्षे आधी ओळखले, एवढेच.

एक गोष्ट मला त्याच्याविषयी खटकते. त्या पुस्तकात त्याने यहुदी लोकांविषयी कठोर लिहिले आहे. इतर लोकांच्या द्वेषामुळेच हे टिकले, असे म्हटले आहे. ख्रिस्ताविषयी लिहिताना त्याची लेखणी मऊ होते. ख्रिस्ती वाचकांसाठी लिहीत होता, जीव सांभाळत होता, हे सगळे खरे. तरी ज्या समाजाने इतके सोसले त्याच्याविषयी एखादे मायेचे वाक्य लिहायला काय हरकत होती? वाळीत टाकलेल्याचा राग तो असावा.

एकदा मात्र त्याची सावधगिरी सुटली. १६७२ साली हेगमध्ये जमावाने डे विट बंधूंना, म्हणजे देशाच्या कारभाऱ्याला आणि त्याच्या भावाला, रस्त्यात ठेचून मारले. स्पिनोझा रडला. त्यांना रानटी म्हणणारा एक कागद लिहून तो तिथे लावायला निघाला होता. घरमालकाने दाराला कुलूप घातले, म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकाची जागा चालून आली. मान, पगार, सगळे. अट एवढीच की स्थापित धर्माला धक्का लावू नये. त्याने नम्रपणे कळवले की ही मर्यादा नेमकी कुठे पडते ते आपल्याला समजत नाही, आणि भिंगे घासायला परत बसला.

त्याचा मोठा ग्रंथ नीतिशास्त्र हा भूमितीसारखा लिहिला आहे. व्याख्या, गृहीत, सिद्धांत, सिद्धता. गणित शिकवलेल्या मला ती मांडणी ओळखीची वाटली, पण आतला विषय सोपा नाही. थोडक्यात सांगायचे तर त्याच्या मते देव जगाच्या बाहेर सिंहासनावर बसलेला राजा नाही. जे जे आहे ते सगळे देवातच आहे, निसर्ग आणि देव एकच. तो नवस ऐकून पाऊस पाडत नाही. सगळे नियमाने चालते, आपला राग, लोभ, मत्सरसुद्धा. ते नियम समजून घेत गेले की माणूस भावनांचा गुलाम राहत नाही, आणि त्या समजण्यात जो आनंद आहे तेच देवावरचे प्रेम. आपण मलिद्याचे ताट मांडून एलियाहू हनाबीला नवस बोलणारी माणसे. आपल्याला हे पचणे कठीणच. मलाही सगळे पचलेले नाही.

१६७५ साली तो ग्रंथ छापायला ॲमस्टरडॅमला गेला. देव नाही असे सिद्ध करणारे पुस्तक येते आहे अशी अफवा उठली होती, पाद्री तक्रारीच्या तयारीत होते. त्याने हस्तलिखित परत आणून मेजाच्या खणात ठेवले. १६७६ साली जर्मन विद्वान लाइब्निट्स त्याला भेटायला आला, दोघे खूप बोलले. नंतर लोकांत मात्र लाइब्निट्सने ही ओळख फार मोठी नव्हती असेच भासवले. वाळीत टाकलेल्याच्या घरी मागच्या दाराने जाणारे पुष्कळ असतात.

त्याची छाती पूर्वीपासून अधू होती. काचेच्या भुकटीनेही भर घातली असेल. २१ फेब्रुवारी १६७७, रविवार. घरची मंडळी दुपारी चर्चला गेली आणि परत आली तो बारुख गेलेला होता. वय चव्वेचाळीस. ते मेज आतल्या कागदांसकट घरमालकाने कालव्यातल्या बोटीने गुपचूप ॲमस्टरडॅमच्या छापखानदाराकडे पाठवले. वर्ष संपायच्या आत मित्रांनी सगळे लेखन छापले, नावाच्या जागी फक्त आद्याक्षरे. १६७८ साली त्यावरही बंदी आली. त्या पुस्तकात नीतिशास्त्राच्या जोडीला आणखी एक अपुरे लिखाण होते, आणि ते पाहून मला गहिवरून आले. हिब्रू भाषेचे व्याकरण. मित्रांना मूळ बायबल वाचता यावे म्हणून, समाजातून काढलेला हा माणूस शेवटच्या वर्षांत हिब्रूची नामे आणि क्रियापदे मांडत बसला होता.

पुढे जग बदलले. गटेसारखा कवी त्याचा भक्त झाला. आइन्स्टाइन १९२० साली रेन्सबर्खचे घर पाहून आला, आणि कोणत्या देवाला मानता असे विचारल्यावर त्याने स्पिनोझाच्या देवाचे नाव घेतले. हॉलंडच्या हजार गिल्डरच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. इथे बेन गुरियन यांनी १९५० नंतरच्या वर्षांत लिहिले की या माणसाला आपण आपल्यात परत घेतले पाहिजे. खेरेमला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९५६ साली, हेगच्या चर्चच्या मागे इस्रायलमधून नेलेला काळा बेसाल्ट दगड उभारला. त्यावर एकच हिब्रू शब्द कोरला आहे, अम्खा. तुझे लोक.

हा शब्द वाचला आणि मला १९६४ साल आठवले. मी तेव्हा शाळेत होते. इथून काकांचे पत्र आले होते, बाबांनी ते पडवीत मोठ्याने वाचले. आपले बेने इस्राएल लोक जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले होते, कारण लग्न लावताना आपण पुरते यहुदी आहोत का असा प्रश्न केला जात होता. त्या उन्हाळ्यात क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. बाबा पत्र वाचताना दोनदा थांबले. हे सांगते तेव्हा हेही सांगायला हवे की आपल्याच गावात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन गट होते आणि गोरे काळ्यांच्या पंक्तीला बसत नसत. बाबांनी त्याबद्दल कधी पत्र वाचले नाही.

२०१५ साली ॲमस्टरडॅममध्ये विद्वानांची सभा भरली आणि खेरेम उठवावा का यावर चर्चा झाली. तिथल्या पोर्तुगीज समाजाच्या रब्बींनी नकार दिला. त्याने आपली मते कधी सोडली नाहीत, मग उठवायचा कशाच्या आधारावर, असे त्यांचे म्हणणे. एका अर्थी बरोबरच आहे. बारुखनेही कुठे मागितले होते?

म्हणजे हुकुमाप्रमाणे त्याचे लिहिलेले अजूनही वाचायचे नाही. माझ्याकडे नीतिशास्त्राची इंग्रजी प्रत आहे, हिब्रू भाषांतरही आहे. कोणाला हवी असल्यास शुक्रवारी सकाळी, शब्बाथचे स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी, येऊन घेऊन जा. पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे ते माझे, ते वाचले नाही तरी चालेल.